गाणे मुंबईचे की इंदूरचे? आणि जात्यावरच्या बाईचे काय?



६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या. त्या दिवशी आमच्या कुरुंद्यातही पानटपरीपासून आखाड्यापर्यंत त्यांचाच आवाज होता. बाईंच्या गळ्याबद्दल आमची काडीची तक्रार नाही. तक्रार आहे ती लगेच सुरू झालेल्या भांडणाची. मुंबईत शिवाजी पार्कवर स्मारक हवे की नको, याची ओढाताण लागली. शेवटी हा वाद नको, असे मंगेशकर कुटुंबालाच सांगावे लागले. मग आमच्या सरकारने संगीत अकादमीचा कागद पुढे केला आणि कलिन्याला विद्यापीठाच्या आवारात अडीच एकर दाखवले. तिकडे मध्य प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान म्हणाले, बाईंचा जन्म १९२९ चा, इंदूरचा. तेव्हा अकादमी इंदूरला, संग्रहालय इंदूरला आणि पुतळाही इंदूरलाच. बाईंच्या नावाचे पुरस्कार तर आधीपासून दोन होते, मध्य प्रदेशचा १९८४ पासून, महाराष्ट्राचा १९९२ पासून. अयोध्येने दोघांवर कडी केली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या चौकात चाळीस फुटी वीणा उभी राहिली, वजन चौदा टन. ती वाजत नाही.

त्याच वर्षी जुलैत कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले. तेव्हा आमच्यावर हक्क सांगायला दोन शहरे काही भांडत आली नाहीत.

आम्हाला हा खेळ नवा नाही. कापूस आमच्या शिवारात पिकला, गिरण्या मुंबईत उभ्या राहिल्या. गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्यांच्या जागेला सोन्याचा भाव आला, कापसाला आला नाही. गाण्याचेही तेच. तंबोरा मैफलीत मखमलीच्या गवसणीतून निघतो, पण त्याचा भोपळा कुणाच्या तरी वावरात वाढलेला असतो. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढा भागातून हा कडू भोपळा नेतात. मंगळवेढा म्हणजे आपल्या ओळखीच्या मालदांडी ज्वारीचा मुलूख. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंदच आहे. त्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे. पण भोपळा लावणाऱ्याचे नाव कुठल्या काचेच्या कपाटाखाली लिहिलेले कुणी पाहिले आहे काय?

आणि भोपळ्याचे सोडा, खुद्द गाण्याचे काय? ज्वारी काढताना भलरी होती. मोटेवर गाणे होते, कारण बैलालाही सूर लागायचा. पहाटे जात्यावर बसलेली बाई दळता दळता जे गायची, त्यात सासर होते, भाऊ होता, विठ्ठल होता, कर्ज होते, दुष्काळ होता. तिला कुणी वन्समोअर दिला नाही. पिठाची गिरणी आली, बाईच्या खांद्याचा भार उतरला. फार चांगले झाले. जाते परत आणा असे म्हणणाऱ्याने आधी स्वतः पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. पण जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखावर ओव्या गोळा केल्या आणि लिहून ठेवल्या. पुढे हजारो ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. त्यासाठी दोन मुख्यमंत्री भांडले नाहीत. गाणाऱ्या बायांची नावे-गावे मात्र त्यांनी नोंदवली. आमच्या मते संग्रहालय म्हणतात ते हे.

जन्मगावावरूनच संग्रहालय ठरवायचे असेल तर मग आमचाही दावा ऐका. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात नरसी आहे. नामदेवांचा जन्म तिथला असे आम्ही मानतो, काही जण पंढरपूरचा मानतात. कीर्तनाच्या रंगात नाचणारा हा शिंप्याचा पोर पंजाबपर्यंत गेला, त्याची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि रागांत गायली जातात. सातशे वर्षे झाली, इमारतीवाचून ते गाणे अडले नाही. ते माणसे गात राहिली म्हणून टिकले.

आता एक कडू गोष्ट, स्वतःच्या अंगणातली. हलगी वाजवणाऱ्याला आम्ही काय दिले? लग्नात, पोळ्यात, देवाच्या पालखीत तो पुढे. जेवणाच्या पंगतीत तो कुठे होता? सुगीला पाचुंदा फेकला, बिदागी म्हणून पायली टाकली आणि वर उपकार मोजले. बाजारात भाव पाडला की आम्ही घामाच्या दामासाठी रस्त्यावर येतो, पण त्याच्या हाताच्या घामाचा भाव आम्हीच पाडला. आज त्याचा पोरगा हलगी हातात धरत नाही, आणि आम्ही लाखभर रुपयांचा डीजे लावून परंपरा बुडाली म्हणून गळा काढतो. मुंबई-इंदूरला बोल लावताना हे लपवून चालणार नाही.

म्हणून आमचे मागणे संग्रहालय कुरुंद्याला आणा असे नाही. इमारत आली की ठेकेदार येतो, कोनशिला येते, दोन वर्षांनी कुलूप येते. शासनाला गाण्यावर पैसा खर्चायचाच असेल तर तो माणसांवर खर्चावा. प्रत्येक तालुक्यात ओवी, भलरी, भारूड, गोंधळ, हलगी, संबळ जाणणारे जे म्हातारे-म्हाताऱ्या उरले आहेत, त्यांच्या घरी जाऊन मुद्रण करावे आणि त्या दिवसाची मजुरी रोख द्यावी. वृद्ध कलावंतांचे मानधन पुढाऱ्याच्या चिठ्ठीशिवाय मिळावे. मुद्रणाची एक प्रत मुंबईला खुशाल न्या, पण एक त्या गावच्या शाळेत राहू द्या, म्हणजे नातीला आजीचा आवाज ऐकायला तिकीट काढावे लागणार नाही.

सरकार करील तेव्हा करील. तोवर एवढे करू: पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने जात्यावरचे गाणे येणाऱ्या बायांची आणि हलगी-संबळवाल्यांची नावे लिहून आणावी. सोबत वय लिहावे. साठीच्या पुढची नावे वर घ्यावीत, त्यांच्याकडे आधी जायचे आहे. ज्यांच्या पोरांकडे चांगला मोबाईल आहे त्यांनी पोरांनाही आणावे.