किटली हातातली आणि कागदावरची

जन्मापासून न दिसणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यासाठी मी हौसेने एक चित्र बनवलं. पुठ्ठ्यावर किटली काढली आणि रेषांवर डिंकाने सूत चिकटवलं. भिवंडीत सुताला काय तोटा! त्याने बोटं फिरवली, परत फिरवली आणि विचारलं, "सर, साप आहे का?" वर्ग हसला. खरं सांगतो, मलाही वाटलं की पोराची समज जरा कमी असावी.

पण हाच मुलगा बाही चिमटीत धरून कापड सुती की पॉलिएस्टर ते सांगतो. मधल्या सुट्टीत मी खरी किटली त्याच्या हातात दिली. तो लगेच म्हणाला, "चहा संपला वाटतं!" दुसऱ्या दिवशी हसणाऱ्यांपैकी चौघांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले आणि सुताने काढलेला पेला पुढे ठेवला. एकालाही ओळखता आला नाही. समज कुणाची कमी होती, ते मला तेव्हा कळलं.

यावर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. 1985 साली रॉबर्टा क्लॅट्झकी आणि सुसन लेडरमन यांनी डोळे बांधलेल्या लोकांच्या हातात रोजच्या वापरातल्या 100 वस्तू दिल्या. जवळजवळ सगळ्या ओळखल्या गेल्या, बहुतेक दोन-तीन सेकंदांत. उठावाच्या रेषाचित्रांत मात्र माणसं अडखळतात. 1991 च्या एका प्रयोगात डोळस माणसांना चित्र बोटाएवढ्याच खिडकीतून, तुकड्यातुकड्याने दाखवलं. तेव्हा त्यांचे डोळेही बोटांइतकेच अडखळले. म्हणजे दोष बोटाचा नाही. डोळा चित्र एका नजरेत घेतो, बोटाला ते तुकडे लक्षात ठेवून जोडावं लागतं.

दुसरी अडचण आपल्या चित्रकलेची. हाताला पेल्याचं तोंड गोल लागतं, चित्रात आपण ते चपटं काढतो. ही डोळ्याची सवय आहे, हाताला ती कोण शिकवणार?

अक्षरांच्या बाबतीत हीच चूक एकदा होऊन गेली आहे. पॅरिसमध्ये व्हॅलंटिन हाउय यांनी अंध मुलांसाठी नेहमीचीच अक्षरं उठावाने छापली. वाचायला ती फार जड गेली. त्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलने 1829 मध्ये बोटाला झेपतील अशा सहा टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. आज ब्रेलमध्ये उर्दूसुद्धा मराठीसारखी डावीकडून उजवीकडे वाचतात. अक्षरं हातासाठी नव्याने घडवली. मग चित्रं का नाहीत?

2016 चा दिव्यांग हक्क कायदा सर्वसमावेशक शिक्षण मागतो. दिल्लीच्या आयआयटीतून सुरू झालेली रेज्ड लाइन्स फाउंडेशन स्पर्शचित्रांची पुस्तकं बनवते. पण वर्गात अजूनही छापील चित्राच्या रेषा उठवल्या की काम झालं असं आपण समजतो. मीही तेच केलं होतं. चित्र साधं हवं, नको ते तपशील गाळावेत, शेजारी ब्रेलमध्ये नाव असावं, आधी खरी वस्तू हातात द्यावी आणि वेळ द्यावा. एवढं न करता गुण कापणं हा अन्याय आहे.

नंतर त्यालाच सूत दिलं, म्हटलं, "तू बनव किटली." त्याने मोठं वर्तुळ केलं, आत झाकणाचं लहान वर्तुळ, एका बाजूला तोटी, दुसऱ्या बाजूला कान. वर्गाला दाखवली तर कुणीतरी म्हणालं, "सर, हे कासव आहे का?" या वेळी तो हसला.