पेन्सिलीतला पापुद्रा आणि कुरकुंभचे पाणी

पेन्सिलीने रेघ ओढली की ग्रॅफाइटचे पापुद्रे कागदाला चिकटतात. ते सोलत सोलत गेले तर शेवटी उरणारा, एका अणूच्या जाडीचा थर म्हणजे ग्रॅफिन. मिलिमीटरभर ग्रॅफाइटमध्ये असे सुमारे तीस लाख थर असतात. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ साली तो चक्क चिकटपट्टीने सोलून काढला आणि २०१० चे नोबेल मिळवले. पोलादाहून कैक पट बळकट आणि उत्तम वीजवाहक असा हा पदार्थ जग बदलणार, असे तेव्हापासून आपण ऐकतो आहोत. जग अजून बरेचसे आहे तसेच आहे!

पण तो चिमूटभर मसाल्यासारखा वापरात आला आहे. फोर्ड कंपनीने २०१८ मध्ये मोटारीच्या इंजिनालगतच्या भागांसाठी तो घेतला. प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी. इंग्लंडमध्ये २०२१ साली एका व्यायामशाळेची फरशी ग्रॅफिनमिश्रित काँक्रीटने ओतली गेली. म्हणजे खरा धंदा पदार्थ नुसता बनवण्यापेक्षा तो रंगात, प्लॅस्टिकात, सिमेंटात नीट मिसळून देण्याचा आहे.

इथेच मला शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके आठवतात. शिरूरच्या रांजणगावात मोटारी आणि फ्रीज-धुलाईयंत्रे तयार होतात. २०२२ मध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांसाठी स्वतंत्र वसाहतही मंजूर झाली. अशा मालाचे गिऱ्हाईक तिथेच आहे. दौंडच्या कुरकुंभमध्ये रसायनांचे कारखाने आणि ती हाताळणारी माणसे आहेत. ऊसपट्ट्यात चिपाडापासून ग्रॅफिन काढण्याची कल्पना निघतेच. साखरेपासून ग्रॅफिन अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात २०१० साली झालेही, पण प्रयोगशाळेत. चिपाड सध्या बॉयलरमध्ये जळून वीज देते, ते काही वाईट नाही.

माझी धास्ती वेगळी आहे. ग्रॅफिन ऑक्साइड करण्याची प्रचलित पद्धत १९५८ सालची, हमर्स यांची. ग्रॅफाइट तीव्र गंधकाम्लात घालायचे, त्यात पोटॅशियम परमँगनेट टाकायचे आणि तयार माल पुन्हा पुन्हा धुवायचा. त्या धुण्याच्या पाण्यात आम्ल उतरते, मँगनीज उतरते. कुरकुंभच्या आसपासच्या गावांना सांडपाण्याची कथा नव्याने सांगावी लागत नाही. विहिरींच्या तक्रारी तिथे जुन्या आहेत. 'नव्या युगाचा पदार्थ' म्हणून जुनेच आम्ल ओढ्यात आले तर त्या गावांनी हुरळून का जावे?

सुदैवाने दुसरे मार्ग आहेत. द्रवात वेगाने घुसळून ग्रॅफाइटचे थर यंत्राने सुटे करता येतात. राइस विद्यापीठातच २०२० मध्ये कार्बनयुक्त कचऱ्याला क्षणभर विजेचा जबर झटका देऊन ग्रॅफिन काढून दाखवले गेले. या मार्गांना वीज लागते आणि मालाचा दर्जा सारखा राखणे सोपे नाही, हेही खरे. म्हणून असा कारखाना कुरकुंभला भूखंड मागायला आला, तर गुंतवणूक किती कोटींची याआधी मी विचारीन : किलोमागे पाणी किती लागणार, आणि ते धुऊन झाल्यावर जाणार कुठे?