तारे पोर्टलवर, मैदान कुलपात

क्रीडा प्रशिक्षकाकडून शाळेने घ्यावे असे जे काही आहे, ते मुख्यतः चार कृतींत मावते. मुलाकडे बारकाईने पाहणे, चूक घडताक्षणी थोडक्यात दुरुस्त करणे, प्रत्येकाला संघात नेमके काम देणे आणि पराभवाची जबाबदारी आपल्याकडे घेणे. सेवांतर्गत प्रशिक्षणांत याच कृतींचे ‘नेतृत्वगुण’ होतात. ते स्लाइडवर चढतात, शेजारी एखाद्या विश्वविजेत्या कर्णधाराचे छायाचित्र येते आणि चहानंतर हजेरीपत्रकावर सह्या होतात. ज्याच्याकडून हे शिकायचे तो माणूस अनेक माध्यमिक शाळांत आधीपासूनच आहे. तो शाळेचा क्रीडाशिक्षक. त्या दिवशी तो सहावी ब वर बदली तासाला असतो.

या विषयाचे जवळचे उदाहरण डोंबिवलीतल्या एका घरापासून सुरू होते. रोहित शर्माचे आई-वडील डोंबिवलीत एका खोलीच्या घरात राहत. मुलगा बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला, सुटीला आई-वडिलांकडे येई. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमधले प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला गोलंदाजी करताना पाहिले आणि आपल्या शाळेत यायला सांगितले. महिन्याचे २७५ रुपये शुल्क त्या कुटुंबाला झेपणारे नव्हते. लाड संस्थाचालकांकडे गेले आणि शुल्क माफ करून घेतले. पुढे काही काळ हा मुलगा ऑफ-स्पिनर म्हणूनच खेळला, फलंदाजीला आठव्या क्रमांकावर येत राहिला. मग एक दिवस शाळेच्या आवारात तो एकटाच चेंडू खेळून पाहत असताना लाडांची नजर त्याच्या बॅटवर गेली. त्यांनी त्याला वर आणले, पुढे सलामीला पाठवले.

या गोष्टीचा शेवट सगळ्यांना ठाऊक असल्याने तिच्याकडे प्रतिभेची गोष्ट म्हणून पाहिले जाते. शाळेच्या दृष्टीने तिच्यात कामाचे आहेत ते तीन प्रशासकीय तपशील. लाड तेव्हा आवारात मोकळे होते, कोणाच्या बदली तासावर नव्हते. मुलाचे स्थान बदलण्याचा अधिकार त्यांना होता, त्यासाठी वरून परवानगी आणावी लागली नाही. आणि त्यांच्या शब्दावर संस्थेने शुल्क सोडले. पालघरच्या शार्दूल ठाकूरला लाडांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतले, हे मात्र कोणत्याही शाळेकडून मागता येणार नाही. लाडांना २०२२ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पहिल्या तीन गोष्टी कोणताही मुख्याध्यापक येत्या सत्रात देऊ शकतो आणि त्यांना पुरस्कार लागत नाही.

शारदाश्रम शाळेचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांचा भर सामन्याच्या सरावावर होता. सचिन तेंडुलकरला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि एकाच दिवशी अनेक सामन्यांत फलंदाजीला उतरवत. स्वतःचा सामना सोडून वरिष्ठ संघाचा खेळ बघायला गेलेल्या सचिनला त्यांनी कसे झापले, ही हकिकत महाराष्ट्राला पाठ आहे. तिचा वर्गातला अर्थ फारसा कोणी लावत नाही. पस्तीस मिनिटांच्या गणिताच्या तासिकेत शिक्षक तीस मिनिटे फळ्यावर गणिते सोडवतो, तेव्हा वर्गातली साठ मुले वरिष्ठ संघाचा खेळ बघत बसलेली असतात.

प्रशिक्षक सरावात प्रत्यक्ष काय बोलतो, याची मोजणीही झालेली आहे. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन मुळात माध्यमिक शाळेतले इंग्रजीचे शिक्षक. त्यांच्या संघाने १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प या मानसशास्त्रज्ञांनी सरावाच्या कडेला बसून त्यांच्या २,३२६ अध्यापन-कृती नोंदवल्या. तीन चतुर्थांश कृतींत काहीतरी माहिती होती: काय करायचे, कसे करायचे, का करायचे. निव्वळ शाबासकी सात टक्क्यांच्या आत आणि निव्वळ नाराजीही तेवढीच. चूक झाली की वुडन योग्य कृती दाखवत, मग खेळाडूने केलेली चुकीची कृती दाखवत, मग पुन्हा योग्य कृती. हे सगळे काही सेकंदांत आटोपे. त्यामागे आदल्या तासांची आखणी असे. कोणती कवायत किती मिनिटे चालायची, हे ते कार्डांवर लिहून आणत.

पाठ निरीक्षणाचा सध्याचा नमुना यापुढे ठेवून पाहावा. शैक्षणिक साहित्य वापरले का, फलकलेखन नीटनेटके आहे का, टाचण वही अद्ययावत आहे का, विद्यार्थी आनंदी दिसले का. अमुक मुलीने भागाकारात हातचा कुठे सोडला आणि शिक्षकाने तो किती सेकंदांत पकडला, यासाठी रकाना नाही. निरीक्षक मागच्या बाकावर बसतो आणि शिक्षकाकडे पाहतो. नेटमागे उभा असलेला प्रशिक्षक खेळाडूच्या पायांकडे पाहतो. निरीक्षणाची दिशा एवढी एक बदलली तरी केंद्रस्तरावरच्या परिषदांतली निम्मी भाषणे रद्द करता येतील.

एवढे माहीत असूनही बदल होत नाही, कारण पाहण्यासाठी माणूस आणि वेळ, दोन्ही कागदाने खाल्ले आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर गेली की आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो. अंशकालीन हा शब्द शासनाने मनावर घेतला. ऑगस्ट २०१५ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकपदे मंजूर करण्याच्या, निकषांनी कला-क्रीडेची विशेष पदे आक्रसली आणि ऑक्टोबरमध्ये अतिथी निदेशकांची वाट काढण्यात आली. तासिकेवर येणारा निदेशक तासिका संपली की जातो. मधल्या सुटीत, शाळा भरण्याआधी, सुटल्यानंतर तो आवारात नसतो, आणि मूल मुळात दिसते ते याच वेळांत. जिथे पूर्णवेळ क्रीडाशिक्षक टिकून आहेत, तिथे त्यांच्या वेळापत्रकात भूगोल असतो, कार्यानुभव असतो, आणि कोणीही रजेवर गेले की पहिला बदली तास त्यांचाच. सहामाहीच्या आधी पी.टी.चा तास गणिताला देणे हा तर अनेक शाळांचा अलिखित नियम झाला आहे.

कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा निर्णय काढला. भार किती हलका झाला हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. प्रत्येक माहिती ‘शैक्षणिक’ रकान्यात बसवण्याचे कौशल्य कार्यालयांनी तेवढे आत्मसात केले. यू-डायस आणि सरल या पोर्टलांवरच्या नोंदी, नियतकालिक चाचण्यांचे गुण, उपक्रमाचे छायाचित्र, उपक्रमाची लिंक, लिंक भरल्याचा पुरावा. आता २०२७ ची जनगणनाही आहे, आणि तिच्या कामातून शिक्षकांना कायद्याने सूट नाही.

यातला कळस म्हणजे ‘फिट इंडिया’चे तारे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेत शाळेने पोर्टलवर स्वयंघोषणा करायची आणि ध्वज, तीन तारे, पाच तारे अशी चढती मानांकने घ्यायची. तीन ताऱ्यांसाठी प्रत्येक विद्यार्थ्याची रोज साठ मिनिटांहून अधिक शारीरिक हालचाल अपेक्षित आहे. डोंबिवलीतल्या दोन अधिवेशनांत चालणाऱ्या शाळेचे वेळापत्रक घेऊन कोणीही हिशेब मांडावा. अधिवेशन सुमारे पाच तासांचे, शारीरिक शिक्षणाच्या तासिका आठवड्याला दोन किंवा तीन, त्याही पस्तीस मिनिटांच्या. त्यातली पहिली दहा मिनिटे मुले जिन्यावरून खाली आणण्यात जातात, कारण शाळा चार मजल्यांवर आहे. खाली जे आहे त्याला मैदान म्हणायचे तर शिक्षकांच्या दुचाकी आधी हलवाव्या लागतात. तरी तारे मिळतात. घोषणा शाळेनेच करायची असते आणि पोर्टल दुचाकी मोजत नाही.

शहराचे मैदान हा त्यावरचा उपाय असायला हवा. ठाण्याचे दादोजी कोंडदेव क्रीडागृह, कल्याणचे सुभाष मैदान, डोंबिवलीचे सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल ही नावे मोठी आहेत. म्हात्रे संकुलातले बंदिस्त सभागृह कल्याण लोकसभेच्या मतमोजणीसाठी लागते. लोकशाहीला कुठेतरी जागा हवीच. पण ज्या शाळांना स्वतःचे मैदान नाही त्यांना आठवड्यातले ठरावीक तास राखून देणारे वेळापत्रक महापालिकांच्या क्रीडा आणि शिक्षण विभागांनी एकत्र बसून करायला हरकत काय? दोन विभागांच्या टेबलांमधले अंतर नेटमधल्या खेळपट्टीएवढेही नसते.

सगळा दोष कार्यालयांवर टाकून क्रीडाशिक्षकांना सुटका मात्र मिळू नये. चेंडू वर्गाच्या मॉनिटरकडे फेकून सावलीत उभा राहणारा शिक्षक प्रशिक्षक नव्हे. जिल्हा क्रीडा परिषदेच्या स्पर्धा जाहीर झाल्या की त्याच बारा मुलांना घेऊन फिरणारा, दहावीच्या क्रीडागुणांच्या प्रस्तावांपुरता कार्यक्षम होणारा आणि उरलेल्या साडेनऊशे मुलांची नावेही माहीत नसलेला शिक्षक नेतृत्वाचे कोणते धडे देणार? उशिरा आलेल्या मुलाला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावण्याची रीत तर आजच बंद व्हावी. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. शिवाय धावणे ही शिक्षा आहे, हे मुलांना शिकवायचे काम निदान शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने करू नये.

चौथी कृती, म्हणजे पराभव आपल्याकडे घेणे, ही शाळेला सर्वांत अवघड जाते. डोंबिवलीच्या स. वा. जोशी विद्यालयाचा विद्यार्थी अजिंक्य रहाणे याने डिसेंबर २०२० मध्ये भारतीय संघाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा ॲडलेडला संघाचा डाव ३६ धावांत संपलेला होता आणि विराट कोहली मायदेशी परतला होता. पुढच्याच मेलबर्न कसोटीत रहाणे ११२ वर खेळत असताना, रवींद्र जडेजा अर्धशतकासाठी धाव घेत असताना, धावबाद झाला. मैदान सोडताना त्याने चरफड केली नाही. जडेजाजवळ जाऊन त्याला धीर दिला आणि तंबूत गेला. जडेजाने अर्धशतक केले, संघाने सामना जिंकला, आणि १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनमध्ये मालिका २-१ अशी खिशात आली. करंडक हाती येताच रहाणेने तो संघात नुकत्याच आलेल्या टी. नटराजनकडे दिला.

दहावीचा निकाल घसरल्यावरची शिक्षकसभा यापुढे ठेवावी. मुख्याध्यापक विषयशिक्षकाकडे बोट दाखवतो, विषयशिक्षक आठवीच्या शिक्षकाकडे, आठवीचा प्राथमिककडे आणि प्राथमिकचे पालकांकडे. निकाल वाढला की फलकावर संस्थाध्यक्षांचे छायाचित्र येते. शाळेची संस्कृती म्हणतात ती या सभेत घडते. भिंतीवर रंगवलेल्या सुविचारांशी तिचा संबंध नाही. कमी निकालाची सभा मुख्याध्यापकाने ‘कुठल्या वर्गांवर कोणाला पाठवायचे हे ठरवण्यात माझी चूक झाली’ या वाक्याने सुरू केली, तर पुढचा तासभर लोक खरे बोलतील.

मुख्याध्यापकांनी आता प्रशिक्षणवर्गाची वाट पाहू नये. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात क्रीडाशिक्षकाचे नाव बदली तासांच्या यादीतून काढावे. गणित आणि भाषेच्या प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी खो-खो किंवा कबड्डीचा पूर्ण सराव कडेला बसून पाहावा आणि प्रशिक्षक किती वेळा, किती शब्दांत दुरुस्ती करतो याची नोंद करावी. उलट क्रीडाशिक्षकाने त्यांच्या तासाला बसावे, पण फळ्याकडे न पाहता मुलांच्या वह्यांकडे पाहावे. ज्या शाळेत रोजची साठ मिनिटे होत नाहीत, तिने पोर्टलवर तसे लिहावे आणि तारे नाकारावेत. पन्नास शाळांनी असे केले तर तो कागद मंत्रालयापर्यंत जाईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात क्रीडाशिक्षकाच्या पदाची आणि महापालिकेच्या मैदानावर राखीव तासांची मागणी असावी. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. ठराव त्याआधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचला पाहिजे, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.