साहेबांचा नकार, पोरांचा मोबाइल

भोसरीतल्या एका कारखान्यातला प्रसंग. नाव सांगण्यात हशील नाही. एआयची साधने घ्यावीत म्हणून डिझाइन विभागातल्या पोरांनी चाळीस स्लाइडची पीपीटी केली होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘‘गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग बाहेर गेलं तर उत्तर कोण देणार?’’ चाळिसांत त्याची स्लाइड नव्हती. विषय बारगळला. त्याच दुपारी एक मशीन अडले. ट्रेनीने पॅनेलवरच्या अलार्मचा फोटो काढला आणि स्वतःच्या मोबाइलवरून फुकटच्या चॅटजीपीटीला दाखवून उपाय विचारला. शेजारी ड्रॉइंग टांगलेले होते, तेही फोटोत गेले.

नकाराने वापर थांबत नाही, तो साहेबांच्या नजरेआड होतो.

साहेबांची भीती मात्र खोटी नाही. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी सोर्स कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे उघड झाले आणि मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. वेळ वाचतोच, हेही गृहीत धरू नये. कोड सुचवणाऱ्या गिटहब कोपायलटच्या एका प्रयोगात नेमून दिलेले छोटे काम साधन वापरणाऱ्यांनी ५५ टक्के लवकर उरकले. पण तो प्रयोग करणाऱ्यांत साधन विकणाऱ्या कंपनीचीही माणसे होती. उलट २०२५ मध्ये ‘मेटर’ या संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रॅमरांची, त्यांच्याच मुरलेल्या प्रकल्पांतली २४६ कामे तपासली. एआय वापरायची मुभा होती तिथे वेळ १९ टक्के जास्त लागला. गंमत म्हणजे, काम संपल्यावरही त्यांना वाटत होते की आपण २० टक्के लवकर आटोपले! ‘आम्हाला फरक जाणवतो’ या पोरांच्या दाव्याची किंमत यावरून ठरवावी.

तेव्हा पोरांनो, पीपीटी ठेवा बाजूला आणि एक पानाचा कागद द्या. सगळ्यांना नकोसे असलेले एकच काम निवडा, मशीन चालवणाऱ्या जुन्या पीएलसी प्रोग्रॅमला टिपा लिहिण्याचे म्हणा. गिऱ्हाइकाचे काहीही त्यात नको. लामा, मिस्ट्राल यांसारखी काही एआय मॉडेल उतरवून घेऊन कंपनीच्याच सर्व्हरवर चालवता येतात, म्हणजे माहिती कुंपणाबाहेर जात नाही. परवाना तेवढा वाचून घ्या. महिनाभर घड्याळ लावून वेळ नोंदवा, तपासणीचा वेळही त्यातच धरा. किती उत्तरे चुकीची निघाली तेही लिहा. साहेबांचे आयुष्य रिजेक्शनचे आकडे पाहण्यात गेले आहे. त्यांना ‘क्रांती’ कळत नाही, हा आकडा कळतो. आणि शेवटी तपासणाऱ्याचे नाव आणि सही. बैठकीतल्या प्रश्नाचे उत्तर तेच आहे.

साहेबांनीही एक करावे. कारवाईची धास्ती न घालता उद्याच्या बैठकीत विचारावे, मोबाइलवर हे कोण कोण वापरते? आणि वर आलेले हात मोजावेत.