फराळाच्या डब्याची तीन कर्तव्ये

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा इंग्लंडातील मराठी घरांतून भाजणीच्या, तळणीच्या आणि साजूक तुपात परतल्या जाणाऱ्या बेसनाच्या वासाने भरून जातो, आणि त्या वासामागे नोकरीधंदा सांभाळून केलेले किती श्रम व किती जागरणे असतात, हे आपल्या मंडळाच्या सभासदांना सांगावयास नको. तथापि एवढ्या कष्टाने सिद्ध केलेले जिन्नस शेजाऱ्याच्या, कचेरीतील सहकाऱ्याच्या किंवा मुलांच्या शिक्षिकेच्या हाती देण्याची वेळ आली म्हणजे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात लाडू, चकली, शेव, चिवडा आणि करंजी एकत्र कोंबून, झाकण जेमतेम दाबून, तो डबा ज्या घाईने हवाली केला जातो, ती पाहून मनाला खेद झाल्यावाचून राहत नाही. दिवाळीमागोमाग नाताळ येतो, त्या वेळी हल्ली आपल्याही पुष्कळ घरांतून केक, बिस्किटे, नानकटाई भाजून वाटली जाते, आणि तिचीही बहुधा हीच गत होते. माझे प्रतिपादन असे की, घरी केलेला खाद्यपदार्थ भेट म्हणून द्यावयाचा असेल तर त्याचे वेष्टन ही पाकक्रियेचीच अखेरची पायरी मानली पाहिजे, आणि भाजणी भाजताना आपण जेवढे दक्ष असतो तेवढेच ती भरतानाही असले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या नावाने घेतला जातो. आपल्या आज्या-पणज्यांनी कधी खोके आणि फिती जमवल्या नाहीत; ताट भरले, वर क्रोशाचा रुमाल घातला, आणि घरातल्या मुलाच्या हाती ते शेजारी धाडले, एवढ्यावर त्यांचे भागत असे. हे अक्षरशः खरे आहे. परंतु ते कशामुळे भागत असे याचा विचार मात्र केला जात नाही. वाड्यातले किंवा चाळीतले बिऱ्हाड दहा पावलांवर होते, सबब चकली सादळण्याच्या आत खाल्ली जात असे. घेणाऱ्या घरातही तेच पदार्थ त्याच रीतीने होत असल्यामुळे कशात काय घातले आहे, हे कोणी कोणाला सांगण्याचे प्रयोजन नव्हते. आणि भांडे रिकामे परत करू नये या दंडकामुळे ते ताट, निदान चिमूटभर साखर तरी घेऊन, चार दिवसांत आपल्या घरी परत येत असे. अंतर थोडे, माहिती समान आणि भांडे परतीचे, या तीन गोष्टींनी त्या काळी वेष्टनाचे काम परस्पर उरकले होते. परदेशात या तिन्ही गोष्टी आपल्या हातून सुटल्या आहेत, आणि म्हणूनच जे काम पूर्वी वाडा करीत होता ते आज डब्याने करावयाचे आहे.

अंतर वाढले तेव्हा आपल्या माणसांनीही हे ओळखले होतेच. परगावी शिकणाऱ्या किंवा सैन्यात गेलेल्या मुलाला टपालाने फराळ पाठवताना डबा गच्च भरून, त्यावर मांजरपाटाचे कापड टाक्यांनी शिवून, त्यावरच शाईने पत्ता लिहून आणि शिवणीवर लाखेची मोहोर करून तो रवाना होत असे. त्या पार्सलात शोभेचा लवलेश नव्हता, परंतु पदार्थ वाटेत उघडू नये, फुटू नये आणि योग्य माणसालाच मिळावा, याचा पुरा बंदोबस्त होता. ज्या देशात आपण राहतो त्या देशाची कथाही याहून निराळी नाही. रेडिंग येथे १८२२ साली जोसेफ हंटले याने बिस्किटांचे दुकान काढले ते घोडागाड्यांच्या हमरस्त्यावर होते. उतारू बिस्किटे घेत, आणि गाडीच्या हादऱ्यांनी त्यांचा चुरा होऊ नये म्हणून पत्र्याचे डबे करण्याचे काम हंटले याच्याच एका मुलाच्या लोहारी दुकानाने पत्करले. पुढे ‘हंटले अँड पामर्स’चे चित्रांकित डबे सबंध साम्राज्यात फिरले आणि स्वतःच संग्रहणीय वस्तू बनले. परंतु क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: आधी संरक्षण आले, चित्रे मागाहून आली. वेष्टनाविषयीचा सर्व विवेक या क्रमात सामावलेला आहे.

डब्याचे पहिले कर्तव्य, अर्थातच, पदार्थ राखणे हे होय. कुरकुरीत पदार्थ हवेतील दमटपणा ओढून घेतात, आणि ज्यांच्यात पाणी अधिक असते ते जिन्नस बंद डब्यात आपला ओलावा शेजाऱ्याला देऊ करतात; यास्तव पाकातला रव्याचा लाडू आणि चकली एका कप्प्यात ठेवली की एक-दोन दिवसांत लाडू कोरडा व चकली मऊ, असे दुहेरी नुकसान होते. चिवडा कोमट असताना भरला तर त्याची वाफ झाकणाला लागून थेंब बनते आणि पुन्हा चिवड्यावरच उतरते. तळलेल्या पदार्थांतले तेल उजेडाने व हवेने खवट होते. म्हणून काचेच्या सुंदर बरणीत भरून खिडकीत मांडलेली शेव पाहावयास रम्य असली तरी तिच्यापेक्षा पत्र्याच्या अपारदर्शक डब्यातली शेव अधिक दिवस खमंग राहते. ओल्या नारळाच्या करंज्या डब्यात घालून देण्याच्या नव्हेतच. त्या त्याच दिवशी, समोर बसवून खाऊ घालाव्यात. सुक्या खोबऱ्याच्या सारणाच्या मात्र निर्धास्तपणे द्याव्यात.

सर्वांत कठीण परीक्षा अनारशाची. तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, अर्धवट सुकवून कुटलेले तांदूळ, त्यांत गूळ मिसळून मुरवलेले पीठ, खसखशीवर थापून मंद आचेवर एकाच बाजूने तळलेली ती जाळीदार चकती जात्याच इतकी ठिसूळ असते की, ती चांगली झाली याची खूणच ती सहज मोडते ही असते. अशा अनारशासाठी त्याच्या व्यासाहून बोटभरच मोठा गोल डबा निवडावा. चाळणीत तिरपे ठेवून तूप पुरते निथळू द्यावे. मग डब्याच्या तळाशी बटर पेपरची जाड घडी घालून एकेक अनारसा खसखशीची बाजू वर करून आडवा ठेवावा, प्रत्येक दोहोंच्या मध्ये कागदाची एक चकती घालावी, आणि झाकणाखाली उरलेली पोकळी बटर पेपरच्या बोळ्याने अशी भरावी की, डबा कानाशी धरून हलवला तरी आतून आवाज येऊ नये. या कामाला फार तर पाव तास लागतो. ज्या पदार्थाला आठवडा दिला त्याला हा पाव तास नाकारणे हा त्या पदार्थाशी अन्याय होय. वर्तमानपत्राचा कागद मात्र खाद्यपदार्थाला कदापि लागू देऊ नये; छपाईची शाई अन्नात उतरते, आणि भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही त्यात अन्न बांधण्यास मनाई केलेली आहे.

दुसरे कर्तव्य सांगण्याचे, आणि माझ्या मते आपण सर्वाधिक कसूर करतो ती येथेच. या देशातील अन्नविषयक कायद्यात १४ ॲलर्जीकारक घटकांची यादी आहे, आणि ती यादी समोर ठेवून आपल्या फराळाचे ताट तपासले तर करंजी-शंकरपाळ्यातला गहू, साजूक तुपातून येणारे दूध, लाडवातले काजू-बदाम, चिवड्यातले शेंगदाणे, चकलीतले तीळ, फोडणीतली मोहरी, आणि सोनेरी बेदाण्यावर टिकाऊपणासाठी वापरलेले सल्फाइट, असे त्यातले सात घटक एका ताटात सापडतात. याखेरीज हिंगासारखा जिन्नस आहे. बाजारी हिंगाच्या डबीत हिंगापेक्षा पीठच अधिक असते आणि ते पुष्कळदा गव्हाचे असते, त्यामुळे ज्याला ग्लुटेन सोसत नाही अशा माणसाला ‘हे केवळ पोहे आहेत’ म्हणून आपण निःशंकपणे दिलेला चिवडाही बाधू शकतो. नताशा एडनन-लापेरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी २०१६ साली विमानतळावर घेतलेला एक बगेट खाऊन मरण पावली; त्याच्या पिठात तीळ होते, आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी चालवलेल्या चळवळीतून तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. तो विक्रेत्यांपुरता आहे, घरगुती भेटीला लागू नाही, हे खरे. परंतु ज्या काळजीला दुकानदार कायद्याने बांधलेला आहे ती काळजी स्नेह्याने आपणहून घेऊ नये काय?

आणि ही गोष्ट आपल्याला तर अधिक उमजली पाहिजे. आपल्यातले शाकाहारी लोक या देशात पाऊल ठेवल्या दिवसापासून दुकानातले प्रत्येक पाकीट उलटे करून त्यावरचा बारीक मजकूर वाचत आले आहेत. बिस्किटात प्राण्यांची चरबी नाही ना, गोळीत जिलेटिन नाही ना, याची खातरजमा केल्यावाचून त्यांच्या टोपलीत काही पडत नाही. नाताळातल्या मिन्स पायमध्ये परंपरेने गाईबैलांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, म्हणजे सुएट, घातली जाते. एखादी इंग्रज शेजारीण आपल्या हातचे पाय पाठवताना ‘यात वनस्पतिजन्य सुएट घातले आहे’ अशी चिठ्ठी डब्यावर लावते, तेव्हा तिने आपला धर्म, आपली सवय आणि आपला संकोच या तिहींचा विचार केला, असे वाटून मन भरून येते. तेच सौजन्य परत करण्याची संधी दिवाळी आपल्याला देते. चिठ्ठी मोठी नको: पदार्थाचे नाव, त्यातले सर्व जिन्नस, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवावा त्याची मुदत, आणि तो कसा खातात याविषयी एक ओळ. बेसनाचा लाडू फोडून खावा की चमच्याने, अनारसा गोड आहे की तिखट, हे ज्याला ठाऊक नाही तो सभ्य माणूस विचारावयास संकोचतो आणि डबा फळीवर ठेवून देतो. आपल्या कित्येक डब्यांचे असेच होत असावे, अशी मला भीती वाटते.

तिसरे कर्तव्य, घेणाऱ्यावर भार न टाकण्याचे. चकाकणारे कागद, प्लास्टिकच्या परड्या, तारेच्या फुलांची तोरणे यांनी मढवलेली भेट उघडल्यावर घेणाऱ्याच्या हाती फराळापेक्षा केर अधिक उरतो. चकाकणारा कागद मुठीत चुरगाळून पाहावा. मूठ सोडताच तो आपोआप उलगडू लागला तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे, आणि कागदाच्या रद्दीत त्याला थारा नाही, असे समजावे. त्यापेक्षा बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे, जे आपल्या सर्वांच्या माळ्यावर किंवा गॅरेजात साठलेले असतात, ते स्वच्छ धुऊन, पुरते वाळवून वापरावेत. जवळच्या स्नेह्यांना तर डबा परत मागण्यातही कमीपणा मानू नये, कारण ज्या घरून भांडे परत येते त्या घराशी येणेजाणे सुरू राहते. प्रमाणाचाही विवेक हवा. दोन माणसांच्या घराला सात जिन्नसांचा ढीग देण्याऐवजी तीनच जिन्नस, प्रत्येकी मोजके आणि वेगवेगळे भरलेले द्यावेत. म्हणजे करणाऱ्याची दमछाक वाचते, आणि खाणाऱ्याला प्रत्येकाची चव निराळी कळते.

आता दुसरा आक्षेप. एवढा तपशील, एवढी चिठ्ठ्याचपाट्यांची व्यवस्था केली की घरगुती जिव्हाळा जाऊन दुकानी कोरडेपणा येतो, असे काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे असते. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो; परंतु रुखवताची परंपरा असलेल्या समाजाने मांडणीला परके मानावे हे मला पटत नाही. लग्नघरी लाडवांचे मनोरे आणि करंज्यांच्या पाकळ्या रचून, एकेका जिन्नसापाशी रात्री जागवणाऱ्या आपल्या स्त्रिया दुकानदार नव्हत्या. संक्रांतीला काटेरी हलव्याचे दागिने ओवून सुनेला आणि नातवंडाला नटवणाऱ्या सासवाही नव्हत्या. सौंदर्याची हौस आपल्याला नवी नाही. ती फक्त आपल्या क्रमाने आली पाहिजे. पदार्थ राखला गेला, त्याची माहिती दिली गेली, घेणाऱ्याच्या माथी केर मारला गेला नाही, एवढे झाल्यावर झाकणावर हाताने काढलेली छोटी रांगोळी किंवा जुन्या पैठणीच्या काठाची फीत यांनी त्या डब्याला अशी शोभा येते, जी कोणत्याही विकतच्या वेष्टनाला येणे शक्य नाही.

म्हणून आपल्या कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना ठेवतो. गणेशोत्सवाच्या वेळी सभागृहाच्या दाराशी रिकामे पत्र्याचे डबे जमा करण्याची सोय करावी, म्हणजे दिवाळीत ज्याला हवे त्याला ते नेता येतील. आणि नेहमीच्या दहा-बारा जिन्नसांचे वर्णन व त्यांतील ॲलर्जीकारक घटक इंग्रजीत देणारे चिठ्ठ्यांचे नमुने छापून सभासदांना वाटावेत. या देशातील असंख्य माणसांची मराठी संस्कृतीशी पहिली आणि कित्येकदा एकुलती एक भेट आपल्या फराळाच्या डब्यातून होते. त्यांना आपले संमेलन ठाऊक नाही, आपले नाटक त्यांनी पाहिलेले नाही, आपली भाषा त्यांच्या कानावरून गेलेली नाही. ते आपल्याला ओळखतात ते खुसखुशीत चकलीवरून किंवा सादळलेल्या चकलीवरून. त्यांच्यापुढे आपली चकली खुसखुशीतच पोहोचली पाहिजे, आणि तिच्यात तीळ आहेत हे त्यांना ती तोंडात घालण्यापूर्वी कळले पाहिजे.