गाडी घ्यायची, पण कोणाच्या मापाची?



या आठवड्याच्या टपालात डिलाईल रोडवरून एका भगिनीचे चांगले चार पानी पत्र आले आहे. सारांश असा की त्या गेली सहा वर्षे घरून पोळीभाजीचे डबे देतात. लोअर परळला गिरण्यांच्या जागी जी ऑफिसे उभी राहिली, तिथे रोज त्यांचे पंचवीस-तीस डबे जातात. डबे पोचवणारा मुलगा काम सोडून गेला, तेव्हा त्यांनी ठरवले की आता आपणच दुचाकी घ्यायची आणि आपणच चालवायची. भिशीचे पैसे हाताशी आहेत, उरलेले हप्त्याने फेडता येतील.

इथपर्यंत सारे ठीक होते. पण गाडीचे नाव काढल्याबरोबर घरात जितकी माणसे तितकी मते झाली. यजमान म्हणाले, "चांगली दणकट मोटारसायकल घेऊ, मला गावी न्यायला होईल." कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांना दोनशे सी.सी.च्या खालची गाडी ही गाडीच वाटत नाही. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, नवीन कशाला घेता? आमच्या पोराची दीडशेची पडूनच आहे, घेऊन जा." सासूबाईंची चिंता वेगळीच. "पडलीस-बिडलीस तर पोळ्या कोण लाटणार?" आणि शेजारणींचे ठरलेले उत्तर, "बाई माणसाने आपली स्कूटी घ्यावी."

पत्राच्या अगदी शेवटी बारीक अक्षरात त्यांनी लिहिले आहे, "खरं सांगू का, मला गिअरची गाडी शिकायची आहे. पण बोलले तर सगळे हसतात. माझी उंची पाच फूट एक इंच आहे."

या साऱ्या सल्ल्यांमध्ये एक गंमत तुमच्या लक्षात आली का? प्रत्येकाने स्वतःला हवी ती गाडी सांगितली. पैसे जिचे, रोज उन्हापावसात गाडी जी चालवणार, तिचे माप कोणी घेतलेच नाही. ब्लाऊज शिवायला टाकताना आपण दुसरीचे माप देतो का? मग लाखाच्या घरात जाणारी वस्तू नवऱ्याच्या आणि मुलाच्या मापाने का घ्यावी?

तेव्हा आधी माप. दुकानात सी.सी.चे आकडे ऐकवले जातात, पण नव्याने शिकणाऱ्या बाईला महत्त्वाचे आकडे दोनच, गाडीचे वजन आणि सीटची उंची. हिरोची स्प्लेंडर ही १९९४ पासूनची शंभर सी.सी.ची साधी मोटारसायकल. तिचे वजन सुमारे ११२ किलो आणि सीट जमिनीपासून साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर. बिनगिअरच्या बहुतेक स्कूटर १०५ ते ११० किलोच्या आणि सीट त्याहून दोनेक सेंटिमीटर खाली. म्हणजे "मोटारसायकल जड, स्कूटर हलकी" ही समजूत शंभर सी.सी.पुरती तरी खरी नाही. पुतण्याची ती दीडशेची गाडी मात्र दीडशे किलोच्या आसपास भरेल आणि बुलेट तर १९५ किलोची. चालत्या गाडीचे वजन कळत नाही हो! ते कळते सिग्नलला थांबताना, चढावर, आणि चाळीच्या तोंडाशी गाडी मागे ढकलून वळवताना. नवी बाई पडते ती तिथेच.

सीटची उंचीही नुसत्या आकड्यावर जोखू नका, रुंदी पाहा. स्कूटरची सीट रुंद असते, पाय फाकतात आणि जमीन लांब जाते. मोटारसायकलची सीट टाकीजवळ निमुळती असते, पाय सरळ खाली येतात. पाच फूट एक इंचाच्या बाईचे दोन्ही चवडे टेकले, किंवा किंचित झुकून एक पाऊल पुरते टेकले, तरी चालते. अगदी अंगठ्याच्या टोकावर उभे राहावे लागत असेल, तर सीटवाल्याकडून आतला फोम थोडा कमी करून घेता येतो. हजारो लोक करतात, त्यात लाज कसली?

शोरूममध्ये पहिल्या खेपेला एखाद्या मैत्रिणीला घेऊन जा. यजमान सोबत असले की विक्रेता सारे त्यांनाच समजावतो आणि आपण मागच्या खुर्चीवर कोल्ड्रिंक पीत बसतो. तिथे तुम्ही स्वतः तीन गोष्टी करून पाहा. गाडी मधल्या स्टँडवर चढवा आणि उतरवा. बंद गाडी हाताने धरून दहा पावले पुढे न्या, दहा मागे आणा. मग सीटवर बसून क्लचची मूठ वीस वेळा दाबा. विसाव्या वेळी बोटे दुखली तर ती गाडी तुमची नव्हे, मग ती रंगाने कितीही देखणी असो.

आता गिअर की बिनगिअर, हा खरा प्रश्न.

आपल्याकडच्या बायका दुचाकीवर बसल्या त्या मुख्यतः बिनगिअरच्या गाड्यांमुळे. कायनेटिकची लूना १९७२ साली निघाली. पन्नास सी.सी.चे ते पायडलवाले यंत्र. पेट्रोल संपले तर सायकलसारखे पाय मारत घरी यावे! त्याच वर्षी बजाजची चेतक आली. तिला हाताचे गिअर, उभी करायला जोर लागे, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नंबर अर्थातच घरच्या पुरुषाच्या नावावर. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबले की चालू, गिअर नाही. ती पुण्यातल्या किती जणींना ऑफिसात घेऊन गेली, याची मोजदाद नाही. म्हणून 'बाईची गाडी म्हणजे बिनगिअरची' हे समीकरण बसले. पण त्याचे कारण गाड्या होत्या, बायकांची अक्कल नव्हे. २०११ मध्ये उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 'बायकरणी' हा मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट सुरू केला, आणि आज आपल्याच गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुली तुम्ही पाहताच. (फेटा सुंदर दिसतो, पण फेटा म्हणजे हेल्मेट नव्हे, हे जाता जाता.)

स्कूटरचे गुण मोठे आहेत. पायाशी सपाट जागा, तिथे डब्यांची पिशवी डोळ्यांसमोर राहते. दर शंभर पावलांवर थांबायचे असेल तर गिअर-क्लचची कटकट नाही. साडी नेसूनही चालवता येते. पण चाके लहान, पुढचे बारा इंची आणि मागचे बहुधा दहाच. मोटारसायकलचे चाक अठरा इंचाचे. जुलै महिन्यात आपल्या रस्त्यांवरून जाताना या सहा-आठ इंचांचा फरक कमरेला कळतो. लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे बरेचदा वरून निघून जाते. आणि मोटारसायकलला मागे दोन्ही बाजूंना जाड कापडाच्या पिशव्या लावल्या की पंधरा-पंधरा डबे समतोल बसतात. दूधवाले हेच करतात.

माझे मत विचाराल तर या भगिनीने शंभर सी.सी.ची मोटारसायकल घ्यावी. मुख्य कारण, त्यांना ती शिकायची आहे, आणि ज्या गोष्टीची हौस असते ती लवकर येते. यजमानांना गावी नेता येईल हा वरचा फायदा समजावा, गाडी घेण्याचे कारण नव्हे. चिरंजीवांनी आपल्या दोनशे सी.सी.साठी नोकरी लागेपर्यंत थांबावे.

ज्यांना विजेवरची गाडी हवी आहे, त्यांनी आधी चार्जिंगची सोय पाहावी. चाळीत तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणे हा काही उपाय नव्हे. बॅटरी काढून घरात आणता येते अशीच गाडी घ्यावी, आणि ती बॅटरी आपल्याला जिन्याने उचलवते का, तेही बघावे.

गाडी ठरवण्याआधी लायसन्स. आपला भाग ताडदेवच्या आर.टी.ओ.कडे येतो. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता आधारच्या साहाय्याने घरबसल्या संगणकावर देता येते. ते सहा महिने चालते, आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसन्ससाठी चाचणी देता येते. अर्ज करताना 'गिअर असलेली मोटारसायकल' हाच वर्ग निवडा. त्यावर बिनगिअरचीही चालवता येते, उलट मात्र चालत नाही. शिकाऊ लायसन्सवर गाडीला पुढे-मागे तांबडा 'एल' हवा, आणि शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही मागे बसवायचे नाही, अगदी मुलाला शाळेत सोडायलासुद्धा.

शिकवणारा शक्यतो नवरा नसावा. संसारात आधीच पुष्कळ विषय असतात! दुचाकी शिकवणाऱ्या बायका आता मुंबईत आहेत, त्यांच्याकडे दहा-बारा दिवस जा. क्लचचे म्हणाल तर शिलाई मशीन चालवणारीला तो चटकन समजतो. पायडलवर पाय किती हलका ठेवला की सुई हळू चालते, हे जसे अंगात मुरते, तसेच क्लच कुठपर्यंत सोडला की गाडी ओढ घेते, ते डाव्या हाताला कळते. पहिले दोन दिवस फक्त तेवढेच करा.

मग रविवारी सकाळी सहाला लोअर परळच्या पुलाचा चढ. जुलै २०१८ मध्ये धोकादायक ठरवून बंद केलेला हा पूल पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. त्या पाच वर्षांत डिलाईल रोडकरांनी किती वळसे घातले ते त्यांनाच ठाऊक. त्या चढावर मध्येच थांबायला शिका. उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबून ठेवा, क्लच ओढ घेईपर्यंत सोडा, थोडा ॲक्सिलरेटर द्या, मग ब्रेक सोडा. हे दहापैकी दहा वेळा जमले की डबे लावायला हरकत नाही. जमेपर्यंत पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या भरून सराव करा. सांडले तर पाणीच सांडेल, आमटी नव्हे.

कपड्यांविषयी विचारले आहे. मोटारसायकलवर पंजाबी ड्रेस किंवा पँट बरी. ओढणी दोन्ही टोकांनी कमरेला गाठ मारून बांधा, नाहीतर घरीच ठेवा. ओढणी चाकात जाऊन झालेले अपघात फार वाईट असतात. मागच्या चाकाला जाळी, म्हणजे साडी गार्ड, कायद्यानेच लागते. पुष्कळ पोरे ती 'दिसायला बरी नाही' म्हणून काढून टाकतात. तुमची काढू देऊ नका. हेल्मेट आय.एस.आय. छापाचेच घ्या. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही, तेव्हा मानेजवळ सैल वेणी घाला आणि तशीच वेणी घालून दुकानात माप घ्यायला जा. हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेले पातेले. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे; मुंबईत जून २०२२ पासून पोलीस त्यावर कारवाई करू लागले आहेत.

आता पैशांचे, आणि हे सावकाश वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सी.सी.पर्यंतच्या दुचाकींवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ झाला आहे. तरी शोरूमची किंमत म्हणजे शेवटची किंमत नव्हे. त्यावर रस्त्याचा कर, नोंदणी आणि विमा येतो. नव्या दुचाकीला तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. म्हणून 'सगळे मिळून रस्त्यावर किती' असे कागदावर लिहून मागा.

गाडी कोणाच्या नावावर? पत्रात म्हटले आहे, "नावावर ह्यांच्याच करू, बँकेची कामं त्यांना जमतात." तसे करू नका. विम्यात गाडीच्या मालकासाठी पंधरा लाखांचे अपघाती संरक्षण असते. ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्याला, आणि त्याच्याकडे लायसन्स असले तरच. गाडी यजमानांच्या नावावर आणि रस्त्यावर तुम्ही, असे असेल तर वाईट प्रसंगी ते संरक्षण तुम्हाला लागू होत नाही. जिच्या हातात हँडल, तिच्या नावावर कागद. कर्जही तुमच्याच नावावर काढा. तुम्ही तर गिरणगावातल्या! १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा याच भागातल्या खाणावळवाल्या बायकांनी राष्ट्रीयीकृत बँकांकडून स्वतःच्या नावे कर्जे घेतली आणि फेडली. तुमच्या डब्यांच्या हिशेबाची वही व्यवस्थित असेल तर ती घेऊन बँकेत जा.

पुतण्याच्या गाडीला गोड शब्दांत नाही म्हणा. फुकटची असली तरी वजन कमी होत नाही. दुसऱ्या कोणाची जुनी शंभरची मिळत असेल तर जरूर पाहा, पण आर.सी.वर बँकेचा बोजा आहे का ते आधी तपासा. असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करून घ्यायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विम्यावरचे नावही बदलून घ्या, बायका हे हमखास विसरतात.

मुहूर्तासाठी पाडवा किंवा दसरा पाहायचा असेल तर पाहा, मात्र शिकणे त्याआधीच उरका. पेढे वाटून त्याच संध्याकाळी करी रोडच्या गर्दीत गाडी काढू नये. पहिला पावसाळा येईल तेव्हा हिंदमाताच्या बाजूला पाणी भरल्यावर जायचे नाही. पाण्याखालचे झाकण उघडे आहे की बंद, हे कोणालाच दिसत नाही. पांढरे पट्टे आणि पेव्हर ब्लॉक ओले असताना पुढचा ब्रेक एकदम दाबू नका, दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबा. आणि कुठे लांब डबा द्यायचा झालाच, तर जे.जे.चा उड्डाणपूल, सी लिंक, कोस्टल रोड आणि फ्रीवे यांवर दुचाकीला बंदी आहे, हे ऑर्डर घेतानाच ध्यानात ठेवा आणि अर्धा तास जास्त धरा.