गुणांची मोजपट्टी आधीं दाखवावी

तपासलेले पेपर हातीं पडले कीं वर्गांत एक प्रश्न हमखास ऐकूं येतो : "सर, माझे गुण कशाबद्दल कापले?" हा प्रश्न उद्धटपणाचा मानावा असा आम्हां शिक्षकांचा प्रघात आहे. परंतु विचारांतीं आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, हा प्रश्न परीक्षेनंतर विचारावा लागतो यांत दोष विचारणाऱ्याचा नसून आमचाच आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा आपला टापू कारखान्यांचा आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही संस्था स्थापन झाली. पुढें १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि भोसरी, आकुर्डी, चाकण येथील माळांवर यंत्रें फिरूं लागलीं. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे वडील याच यंत्रांवर पाळ्या करितात. तेथें कामगाराच्या हातीं काम देतांना ड्रॉइंगही देतात. छिद्राचा व्यास किती मिलिमीटर आणि चूक शतांश मिलिमीटरांत किती चालेल, हें त्यावर लिहिलेलें असतें. तपासनीस ज्या प्लग गेजनें छिद्र पाहतो, त्याचें एक टोक आंत गेलें पाहिजे व दुसरें जातां कामा नये, हें कामगारास आधींच ठाऊक असतें. ड्रॉइंग पेटींत कुलुपबंद ठेवून माल नापास केला, तर पहिल्याच पाळींत गलका उडेल. मग जें लोखंडास लावीत नाहीं, तें मुलांस कां लावावें?

निबंधावर आम्हीं वर्षानुवर्षें "ठीक", "अधिक प्रयत्न हवा" असे शेरे मारिले. प्रयत्न कोठें हवा हें मात्र लिहिलें नाहीं. मुद्द्यांस किती गुण, मांडणीस किती, शुद्धलेखनास किती, हें आमच्या मनांत होतें, फळ्यावर नव्हतें. ज्यांच्या घरीं सुशिक्षित माणसें आहेत किंवा ज्यांस शिकवणी परवडते, त्यांस हे अलिखित नियम कळतात. ज्याचे आईबाप गांव सोडून पोटासाठीं येथें आले व रात्रपाळीहून थकून येतात, त्यानें ते कोणास विचारावे? लपविलेली मोजपट्टी गरिबाच्याच पाठीवर बसते.

मोजपट्टीचें बळ केवढें असतें, याचें उदाहरण आपल्याच राज्यांत घडलें. दहावीच्या परीक्षेंत भाषा व सामाजिक शास्त्रें यांचे २० अंतर्गत गुण २०१९ सालीं काढून टाकण्यांत आले; अभ्यासक्रमही नवा होता. आदल्या वर्षीं ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. त्याच वर्षीं ते गुण पुन्हां देण्याचें ठरलें आणि २०२० सालीं निकाल ९५.३० टक्के लागला. मुलें एका वर्षांत मंद झालीं आणि पुढच्या वर्षीं बुद्धिमान झालीं, असें कोण म्हणेल? गुण जसे मुलाचें माप सांगतात, तसेंच ते मोजपट्टीचेंही सांगतात.

कोणी म्हणतील, नियम आधीं सांगितले तर मुलें केवळ गुणांपुरतेंच लिहितील. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. पण नियम लपविल्यानें गुणांचा हव्यास कमी होत नाहीं. त्यांत केवळ संशयाची भर पडते. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालींच मान्य केला आहे. जें शेवटीं दाखवावेंच लागतें, तें आरंभींच कां दाखवूं नये?

म्हणून आमची सूचना साधी आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यांत प्रत्येक विषयाच्या शिक्षकानें गुणांची वांटणी सोप्या मराठींत फळ्यावर लिहावी. एक चांगलें व एक मध्यम उत्तर वर्गांत वाचून त्यांतील फरक मुलांकडूनच काढून घ्यावा. कापलेल्या गुणापुढें कारणाचे दोन शब्द लिहावे. आणि सत्राच्या मध्यावर नियम बदलूं नये. बदलणें भाग पडल्यास तें आधीं सांगावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हींही परीक्षेची वाट न पाहतां आरंभींच विचारावें. "कशास गुण मिळतात?" हा प्रश्न आदरानें विचारला असतां आम्हीं रागावणार नाहीं, एवढें वचन आम्ही या पानावर देत आहों. नियम आधीं ठाऊक असूनही जो नापास होतो, तो आपली चूक ओळखून पुन्हां उभा राहतो. ज्यास कारणच कळलें नाहीं, तो केवळ नशिबास बोल लावितो.